गाठ, खूण आणि पावती : हरवणाऱ्या वस्तूंचा इतिहास, ठाणे ते कल्याण



हा एपिसोड तुमच्यापैकी बरेच जण गाडीतच ऐकत असणार. ठाण्याला चढलात, इयरफोन लावले आणि पाठीवरची बॅग आपोआप पोटाशी आली. हे तुम्हाला कुणी शिकवलं? शाळेत नाही, घरीही बसवून असं कुणी सांगितलं नाही. गर्दीत शिरलं की हात खिशाकडे जातो, बॅग पुढे येते, फोन मुठीत घट्ट होतो. पावणेदोनशे वर्षांच्या रेल्वेप्रवासानं आपल्या अंगाला लावलेली ही सवय आहे.

तर आज याच गोष्टीचा इतिहास बघू. रोजच्या वापरातल्या वस्तू, म्हणजे पैसे, पाकीट, छत्री, डबा, दागिना, फोन, हरवतात कशा, चोरीला जातात कशा, आणि त्या सांभाळायला आपल्याकडच्या माणसांनी काय काय केलं. मुद्दा आधीच सांगून टाकतो. वस्तू सांभाळायच्या दोन जुन्या रीती आहेत. पहिली गाठीची : वस्तू अंगाला घट्ट बांधायची. दुसरी खुणेची : वस्तूवर अशी खूण करायची आणि तिची अशी नोंद ठेवायची की चोराला ती पचू नये आणि प्रामाणिक माणसाला ती परत देता यावी. आपला जीव पहिल्या रीतीत जास्त अडकलेला आहे. पण इतिहास बघितला तर जास्त कामाची ठरली ती दुसरी.

गाठीला पैसा

आधी आपल्या भाषेकडे बघा. ‘गाठीला पैसा असणे’, ‘पदरचे पैसे घालणे’, ‘कनवटीला लावणे’. हे सगळे शब्द खिसा नसलेल्या काळातले आहेत. धोतराला खिसा नसतो, लुगड्यालाही नसतो. मग पुरुष पैसे धोतराच्या कनवटीला खोचायचे, म्हणजे कमरेजवळच्या घडीत. बाया पदराच्या टोकाला गाठ मारायच्या, नाहीतर ओच्यात ठेवायच्या. पानसुपारीला चंची, सुट्ट्या नाण्यांना बटवा. आणि मोठी रक्कम घेऊन लांब जायचं असेल तर ‘कसा’, म्हणजे कमरेला बांधायची लांब, अरुंद पिशवी. नाणी त्यात ओळीनं भरायची आणि वरून कपडे. आज दुकानात ‘मनी बेल्ट’ म्हणून जे मिळतं, तो आपला कसाच.

पण कसा बांधला तरी भीती जात नव्हती. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. जमवलेला पैसा झाशीच्या लुटीत गेला. घरी परतताना त्यांच्याजवळ मोलाची अशी गोष्ट होती ती गंगेच्या पाण्याची कावड. पुढे त्यांनी लिहिलेली ही हकीकत १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावानं छापली गेली. गाठ कितीही पक्की असली, तरी समोर हत्यार घेऊन माणूस उभा राहिला की ती सोडावीच लागते. गाठीची ही मर्यादा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चोराला न पचणारा कागद

व्यापाऱ्यांना हे फार आधी कळलं होतं. कल्याण हे जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत कल्याणच्या दान देणाऱ्या व्यापाऱ्यांचे उल्लेख आहेत. बंदरातून घाटावर आणि घाटावरून बंदरात माल जायचा, तसा पैसाही जायचा. दर वेळी नाण्यांच्या थैल्या घेऊन घाट चढायचा म्हणजे दरोडेखोराला आवतण. देशभरच्या व्यापाऱ्यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे हुंडी.

हुंडी म्हणजे चिठ्ठी. एका गावच्या सावकाराकडे पैसे भरायचे, तो दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्याच्या नावे चिठ्ठी देणार, तिकडे ती दाखवून पैसे घ्यायचे. आता तुम्ही म्हणाल, चिठ्ठीच चोरली तर? तर त्याचीही सोय होती. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे कुणाही आलतूफालतू माणसाला मिळत नसत. ती बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या ‘शाहा’मार्फतच वटायची. चोराच्या हातात कागद आला तरी त्याला पेढीवर ओळखणार कोण? आणि हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघायची, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ‘परपेठ’. पैसे दिले गेले की ती हुंडी रद्द व्हायची, तिला ‘खोका’ म्हणत.

ही युक्ती नीट बघा. वस्तू चोरीला जाणारच नाही, असा यात कुठेही दावा नाही. चोराला ती निरुपयोगी करायची आणि मालकाला दुसरी प्रत मिळवून द्यायची, एवढंच. शेवटी तुमच्या फोनपाशी येऊ, तेव्हा हीच युक्ती परत भेटेल.

अनोळखी माणसांचा डबा

आता येऊ रेल्वेकडे. १६ एप्रिल १८५३, शनिवार. बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या सुमारास एक गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे ४०० पाहुणे, पुढे तीन इंजिनं : साहिब, सिंध आणि सुलतान. एकवीस तोफांची सलामी झाली आणि गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला पोचली. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ ला, खाडी ओलांडून रूळ कल्याणपर्यंत गेले.

रेल्वेनं वेळ वाचवला, हे शाळेतच शिकतो आपण. पण तिनं हरवण्याची पद्धतही बदलली. त्याआधीचा प्रवासी सोबत बघून निघायचा. तांडा, यात्रा, ओळखीची चार माणसं. धर्मशाळेत शेजारी कोण झोपलंय ते माहीत असायचं. गाडीच्या डब्यात शेजारचा माणूस कोण, कुठला, काही पत्ता नाही. तो पुढच्या स्टेशनला उतरून जाणार. आणि आपलं गाठोडं गेल्याचं तीन स्टेशनांनंतर कळलं, तर शोधायचं कुठे? गाडी पुढे गेलेली, चोर मागे राहिलेला. शिवाय वस्तू नुसती विसरली तरी तीही गाडीबरोबर पुढे जाते. छत्री रस्त्यावरच्या दुकानात विसरली तर परत जाऊन आणता येते. गाडीत विसरली की ती प्रवासाला निघून जाते.

मग जबाबदारी कुणाची? रेल्वे कंपन्या तिकिटाचे पैसे घेतात, तर सामानाची हमीही त्यांचीच, असं प्रवाशाला वाटणारच. १८९० च्या रेल्वे कायद्यात याचं स्पष्ट उत्तर आलं. कलम ७४ : रेल्वेच्या नोकरानं सामान नोंदवून घेऊन पावती दिली असेल तरच रेल्वे जबाबदार. पावती नाही, तर जबाबदारी नाही. म्हणजे जे गाठोडं तुम्ही मांडीवर घेऊन बसलात ते तुमचं तुम्ही सांभाळा.

हा कायदा ब्रिटिशांचा म्हणून गेला असेल, असं समजू नका. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १०० हेच सांगतं. त्यात एक भर आहे : सामान तुमच्याच ताब्यात असेल तर ते रेल्वेच्या किंवा तिच्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे गेलं, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं. एका कापड व्यापाऱ्यानं कमरेच्या पट्ट्यात एक लाख रुपये बांधले होते, गाडीत ते चोरीला गेले. ग्राहक मंचांनी रेल्वेला भरपाई द्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. प्रवाशाला स्वतःजवळची वस्तू सांभाळता आली नाही, तर तो रेल्वेच्या सेवेतला दोष धरता येणार नाही, असा त्याचा आशय. कमरेचा पट्टा! म्हणजे २१ व्या शतकातही आपण कशावरच विसंबून आहोत.

नाव घातलेली भांडी

आता घरात या. डोंबिवलीतल्या किंवा ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरातली मांडणी बघा. एखादं पातेलं उलटं करा, ताटाची कड बघा. टिंब टिंब करून कोरलेलं नाव दिसेल. ‘चि. सौ. अमुक हिस सप्रेम भेट’, खाली देणाऱ्याचं नाव, कधी तारीख. भांडं घेताना दुकानदार विचारतोच, ‘नाव काय घालू?’

आपण हे भेट देणाऱ्याचं कौतुक समजतो. पण यात हिशोबही आहे. चाळीत भांडी घराघरांत फिरायची. शेजारी फराळ गेला तर ताट गेलं, बारशाला चार पातेली उसनी गेली, लग्नात तर आख्खी उतरंड. सगळी भांडी दिसायला सारखीच. परत येताना कुठलं कुणाचं हे भांडणाविना ठरवायचं असेल तर नाव पाहिजे. नाव घातलं की भांडं निर्धास्त बाहेर जाऊ शकतं. प्रवासाच्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव आणि गाव लिहायचे, तेही याच कारणानं.

या युक्तीचं मोठं उदाहरण मुंबईकरांना माहीत आहेच : डबेवाले. महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केल्याचं साल १८९० सांगितलं जातं. म्हणजे ज्या साली कायदा म्हणाला ‘पावती नसेल तर जबाबदारी नाही’, त्याच सुमाराला त्याच लोकलमधून पावतीशिवाय दुसऱ्याचा डबा पोचवणारी माणसं उभी राहिली. पावतीच्या जागी होती खूण. सुरुवातीला रंगीत दोरे, पुढे झाकणावर रंगानं काढलेली अक्षरं आणि आकडे : कुठल्या भागातून आला, कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. एक डबा दिवसात अनेक हातांतून जातो. तरी हरवत नाही, कारण ज्याच्या हातात पडेल त्याला तो आपला पत्ता सांगतो. इथे कुणी डबा छातीशी धरून बसलेलं नाही. तो सतत हातातून सुटतोच आहे.

माणसांवर मारलेली खूण

या इतिहासाचं एक काळं पान आहे, ते टाळून पुढे जाता येणार नाही.

रेल्वे वाढली तशा डब्यातल्या चोऱ्याही वाढल्या. पोलिसांना चोर सापडेनात. वस्तूंची नोंद नाही, प्रवाशांची ओळख नाही. मग सरकारनं सोपा रस्ता धरला : आख्ख्या जमातीच चोर ठरवून टाकल्या. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. तो आधी उत्तरेत लागू झाला आणि पुढे देशभर पसरला. ज्यांची नावं यादीत गेली त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचं तर परवानगी लागे. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणातली वसाहत झाली, लोक तिला ‘सेटलमेंट’च म्हणायचे. रेल्वेच्या चोऱ्यांसाठी मराठी मुलखातल्या भामटा आणि उचल्या म्हणवल्या जाणाऱ्या लोकांवर ठपका असे. मद्रास इलाख्यातले रेल्वे पोलीस अधिकारी एम. पौपाराव नायडू यांनी तर रेल्वेतल्या चोरांवर पुस्तकच लिहिलं.

आपल्या भाषेत ‘भामटा’ आणि ‘उचल्या’ हे आज सर्रास शिवीसारखे वापरले जाणारे शब्द जमातींच्या नावांशी असे जोडलेले आहेत. ‘सावध राहा, डब्यात भामटे असतात’ असं सहज म्हणताना हे आठवायला हवं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण कागदावरचा कायदा गेला तरी संशय गेला नाही. तो किती खोल आहे हे वाचायचं असेल तर लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन आहे. ते १९८७ मध्ये आलं आणि १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

वस्तूवर खूण नसली की संशयाची खूण माणसावर मारली जाते. हे फक्त तेव्हाचं नाही. आजही डब्यात पाकीट गेलं की आधी नजर जाते ती मळक्या कपड्यातल्या माणसाकडे, सामान विकणाऱ्या बाईकडे. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या चोराला याचा फायदाच होतो.

सापडलं तर काय करायचं?

आतापर्यंत हरवणाऱ्याचं बोललो. सापडणाऱ्याचं काय? १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०३ खाली यावर गमतीदार उदाहरणं दिली आहेत. रस्त्यात एक रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही आणि उचलला, तर एवढ्यानं गुन्हा नाही. पण मौल्यवान अंगठी सापडली आणि मालक शोधायचा काही प्रयत्न न करता लगेच विकून टाकली, तर गुन्हा. कुणाची पर्स पडताना आपण बघितली, परत द्यायला उचलली आणि नंतर मन फिरलं, तर तोही गुन्हा. आता भारतीय न्याय संहितेत हे कलम ३१४ आहे, पण तत्त्व तेच. १८७२ चा करार कायदाही सांगतो की सापडलेली वस्तू ताब्यात घेतली, की ती ठेवायला दिल्यासारखी सांभाळायची.

म्हणजे ‘सापडलं ते आपलं’ हे कायद्याला कधीच मान्य नव्हतं. मालक शोधायचा वाजवी प्रयत्न करणं हे सापडणाऱ्याचं काम. पण पाकिटात नुसत्या नोटा असतील, नावाची चिठ्ठीसुद्धा नसेल, तर त्या बिचाऱ्यानं शोधायचं कसं? लंडनमध्ये वाहतूक खात्यानं १९३३ मध्ये बेकर स्ट्रीटला हरवलेल्या वस्तूंचं मोठं कार्यालयच उघडलं. आपल्याकडे रेल्वे सुरक्षा दल ‘ऑपरेशन अमानत’ या नावानं विसरलेलं सामान परत देतं. कुठेही गेलात तरी तिथल्या माणसाचा पहिला प्रश्न एकच असतो : ओळख काय?

फटका

आणि आता फोन. कळवा-मुंब्रा, ठाकुर्ली-कल्याण या पट्ट्यांत ‘फटका’ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रुळाच्या कडेला किंवा खांबाजवळ चोर काठी घेऊन उभा. दारातल्या माणसाच्या हातावर फटका, फोन खाली, गाडी पुढे. दारातला माणूस तोल जाऊन पडला तर त्याचं त्यानं बघावं. काही जणांचे हातपाय गेले, काहींचे जीव गेले.

२९ मे २०२१ च्या संध्याकाळी डोंबिवलीत राहणारी एक नोकरदार बाई महिला डब्यातून घरी निघाली होती. कळवा स्थानकात चोरानं तिचा फोन हिसकावला. तिनं प्रतिकार केला, चोराला धरायला गेली, झटापटीत खाली पडली आणि गाडीखाली आली. एका फोनसाठी घरचं माणूस गेलं.

‘एवढ्या फोनसाठी कशाला’ असं म्हणणं सोपं आहे. पण त्या क्षणी फोन म्हणजे बँक, पास, घरच्यांचे फोटो, अजून हप्ते फिटायचे असलेले पैसे. हात आपोआप घट्ट होतो. गाठीची हजार वर्षांची सवय आहे ती. म्हणूनच मला वाटतं, फोन कसा घट्ट धरायचा यापेक्षा तो सोडता कसा येईल, हे आज शिकायला हवं.

पंधरा आकड्यांची खूण

फोनला खूण आहे, ती घेऊनच तो कारखान्यातून निघतो. तिला आयएमईआय म्हणतात, पंधरा आकडी. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, लगेच दिसेल. दोन सिम असतील तर दोन क्रमांक. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत अशा क्रमांकांची मध्यवर्ती नोंदणी, सीईआयआर, सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टलवरून ती देशभर खुली झाली. पोलिसांत तक्रार करून तिथे क्रमांक टाकला की तो फोन देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालत नाही. कुणी चालवायचा प्रयत्न केला तर तपासाला माग मिळतो. आठवतेय ती शाहजोग हुंडी? चोराच्या हातात वस्तू आहे, पण बाजारात ती वटत नाही.

तर मंडळी, हे आजच करून टाका.

एक : आयएमईआय लिहून ठेवा. फोनमध्ये नको, तो तर जाणारच आहे. घरी कागदावर लिहा किंवा घरच्यांना पाठवून ठेवा. फोनचं बिल आणि खोकं जपा.

दोन : लॉक असलेल्या स्क्रीनवर घरच्या कुणाचा तरी नंबर दिसू द्या. पाकिटात, बॅगेत, छत्रीच्या मुठीवर नाव आणि नंबर टाका. पातेल्यावर नाव घालतो, मग बॅगेवर का नको?

तीन : फोन गेला तर आधी सिम बंद करा, बँकेला कळवा, फोन दुरून लॉक करा. खात्यातून पैसे गेले तर १९३०. गाडीत काही विसरलं तर १३९.

चार : तक्रार करताना ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ यांतला फरक लक्षात ठेवा. हिसकावून नेला असेल तर चोरीचीच नोंद करा. हद्द कळव्याची की ठाण्याची, यावर अडू नका. नव्या कायद्यात कुठल्याही पोलीस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येते.

पाच : जुना फोन घेताना आयएमईआय संचार साथीवर तपासा. चोरीचा फोन विकत घेणारा असतो, म्हणून रुळाशेजारी काठी घेऊन उभा राहणारा असतो.

आणि सहावं, सगळ्यात महत्त्वाचं : दारात असाल आणि कुणी हिसका मारलाच, तर सोडून द्या. मागे धावू नका, वाकू नका. नोंद घरी आहे, प्रत निघेल, क्रमांक बंद करता येईल. तुमची दुसरी प्रत नाही निघणार.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात नाव घातलेलं सगळ्यात जुनं भांडं कुठलं, त्यावर कुणाचं नाव आहे, कुठलं साल आहे, ते नक्की कळवा. आणि आता उतरायची वेळ आली असेल तर एकदा वरच्या रॅककडे बघा. छत्री घेतलीत ना?

भेटू पुढच्या भागात.